जागृतीला वास येत नव्हता

मित्रांनो, लोखंडही दचकते, हे तुम्हाला आजवर कोणी सांगितले नसेल. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची एक जुनी कढई आहे. आयुष्यभर आच सोसली. पण एका मुलीने मला जसे हादरवले, तसे कोणत्याही आगीने हादरवले नाही.

माझा जन्म लोहाराच्या ऐरणीवर झाला. आठवडी बाजारात सुलोचनाबाईंनी मला विकत घेतले आणि एसटी स्टँडबाहेरच्या आपल्या टपरीवर आणले. सकाळी आलुबोंडे, दुपारी झुणका नाहीतर भरली वांगी. गाडी सुटायला आली तरी कंडक्टर मंडळी हातातली भाकर सोडत नसत. "बाई, वांगं तं तुमच्याच हातचं," असे म्हणत. बाईंचे कौतुक व्हायचे आणि इकडे मी उगाच चमकायची.

पुढे ॲल्युमिनियमची हलकी कढई आली आणि मी टपरीमागे टिनाच्या तुकड्यांत जाऊन पडले. पावसात गंजले. माझ्यात एक मांजर झोपू लागली. मला वाटले, आता आपला शेवट भंगारातच.

मला तिथून उचलले जागृतीने. सुलोचनाबाईंची ही लेक वर्ध्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकत होती. रोज एसटीने जायची आणि संध्याकाळी येऊन आईच्या हाताखाली उभी राहायची. तिने मला विटकरीने घासले, तेल चोपडून तापवले आणि म्हणाली, "आई, हिच्यात भाजी जशी उतरते, तशी त्या नव्या कढईत नाई उतरत."

त्या वर्षी एका संस्थेने तरुण आचाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. शेवटच्या वर्षाच्या शिक्षणाचा खर्च आणि पुढे नागपूरच्या मोठ्या हॉटेलात काम शिकण्याची संधी. ती मिळाली नसती तर जागृतीचे कॉलेज तिथेच सुटणार होते. निवड स्वयंपाक करून दाखवण्यावर होणार होती. दोघी मायलेकी तयारीला लागल्या.

आणि एका सकाळी ते घडले. माझ्यात कांदा-लसूण परतत होता. आच मोठी झाली. लसूण काळा पडला, कांदा करपला, धूर वर चढला. जागृती माझ्यावर वाकून उभी होती, पण तिचे लक्ष बाजूच्या वांग्यांना चिरा देण्यात होते. चेहऱ्यासमोरून धूर जात असताना ती शांतपणे पुढचे वांगे उचलत होती. मी तापून लाल व्हायची बाकी होते, पण मला ओरडता थोडेच येते?

सुलोचनाबाई पाण्याची बादली टाकून धावत आल्या. "अवं पोरी, जळून राह्यलं ना! तुले वास नाई येत काय?"

जागृतीच्या हातातला चाकू थांबला. ती अगदी हळू म्हणाली, "नाई येत आई. मले कशाचाच वास येत नाई. मागं तो ताप आलता ना, तवापासून."

"आन् तू सांगतलं नाई?"

"आज येईन, उद्या येईन, असं वाटे. चवबी अर्धीच लागते."

सुलोचनाबाईंनी माझ्याखालची आच विझवली. आमच्या टपरीची आचारीण, आणि तिला वास येत नाही! डॉक्टरांनी तपासून सांगितले, कधी येतो परत, कधी नाही येत. लवंग, लिंबू, हिंग रोज हुंगत राहा. घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "हे कोनाले सांगू नको. शिष्यवृत्ती हातची जाईन." जागृतीने मान डोलावली. मग ती माझ्यात मोहरी तडतडायची ती कान देऊन ऐकू लागली. कांद्याचा रंग डोळ्यांनी राखू लागली. मीठ सवयीने टाकू लागली. मला वाटले, जमेल.

परीक्षेच्या दिवशी पिशवीत घालून तिने मला वर्ध्याला नेले. कॉलेजच्या स्वयंपाकघरात मुले-मुली आपापल्या ओट्यापाशी उभी होती. परीक्षक होत्या नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलातल्या मुख्य आचारी, प्रेरणा मॅडम. आमच्या शेजारच्या ओट्यावर सेलूचा स्वप्निल होता. त्याचे कॉलेजही या शिष्यवृत्तीवरच अडले होते.

जागृतीने भरली वांगी करायला घेतली. ओट्यावर ठेवलेले शेंगदाणे भाजले, कुटले, मसाल्यात मिसळले, वांग्यांत भरले. फोडणी सुरेख झाली होती. भाजीला तेल सुटू लागले आणि मी मनातल्या मनात निश्चिंत झाले.

तेवढ्यात स्वप्निल आमच्याकडे झुकला. "जागृती, तुह्या भाजीले खवट वास येऊन राह्यला. ते दाणे खराब आहेत. आमी सगळ्याईनं बाजूले ठेवले. तू काऊन घेतले?"

मित्रांनो, ते दाणे मुद्दाम ठेवले होते. परीक्षा तीच होती! मला नाक नाही, मला काय कळणार? आणि जिला कळायला हवे होते, तिलाही कळले नव्हते.

जागृती पांढरीफटक पडली. झाकण ठेवून गप्प राहता आले असते. तिने तसे केले नाही. फडक्याने माझे कान धरले आणि सगळी भाजी, तयार झालेली, तेल सुटलेली, सर्वांदेखत कचऱ्याच्या डब्यात ओतून दिली.

प्रेरणा मॅडम जवळ आल्या. "काय केलंस हे?"

"मॅडम, दाणे खवट होते. मले समजलं नाई. मले वासच येत नाई," जागृती म्हणाली. "यानं सांगतलं."

मॅडम त्याच्याकडे वळल्या. "तू का सांगितलंस? ती तर तुझी स्पर्धक."

"खानाऱ्याच्या पोटात गेलं असतं ना मॅडम."

मग मॅडम जागृतीला म्हणाल्या, "वास गेला यात तुझा दोष नाही. पण तो लपवून तू लोकांसाठी रांधायला उभी राहिलीस. आज मी तुला निवडू शकत नाही."

शिष्यवृत्ती स्वप्निलला मिळाली. परतीच्या एसटीत जागृती मला मांडीवर घेऊन बसली होती. घरी सगळे ऐकून सुलोचनाबाईंनी तिला पोटाशी धरले. "मीच म्हटलं ना सांगू नको म्हून. तुह्या आधी मीच चुकली."

त्या वर्षी जागृतीचे कॉलेज सुटले. पण टपरीवर तिने एक नवा रिवाज सुरू केला. दाणे, तेल, दूध, काहीही वापरण्याआधी ती आईला, नाहीतर समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची, "मले वास येत नाई, जरा हुंगून सांगा ना!" पहिल्यांदा लोक चमकले. एकदोघे उठूनही गेले. बाकीचे हुंगू लागले. लवंग, लिंबू, हिंग तिने सोडले नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच परीक्षकांसमोर उभी राहिली आणि चूल पेटवण्याआधीच म्हणाली, "मॅडम, आता लवंगेचा वास येते. बाकी काही येत नाई. मले चाखून सांगनारं मानूस जवळ पाह्यजे."

प्रेरणा मॅडमनी आपली खुर्ची सरकवली आणि स्वतः तिच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

निकालाचा फोन आला तेव्हा सुलोचनाबाईंच्या हातून पिठाची परात निसटली. जागृतीला शिष्यवृत्ती मिळाली होती! बाईंचा विश्वासच बसेना. खरे सांगू, माझाही बसला नाही. आज ती नागपूरला शिकते आहे आणि मी टपरीवर तिच्या आईजवळ आहे.

मित्रांनो, भांड्याला तडा गेला की त्याचा आवाज बदलतो आणि सगळ्यांना कळते. माणसाचे तसे नसते. तुमच्या घरी जे रांधतात, त्यांना कधीतरी विचारा, तुम्हाला बरे आहे ना? आणि त्यांनी खरे सांगितले, तर ताटावरून उठून जाऊ नका. उठून त्यांच्या बाजूला उभे राहा.