एडन सोडण्याआधी

मंजिरीला बोलता छान यायचं, आणि ते तिला ठाऊकही होतं. लग्न करून पुण्याहून साउथहॅम्प्टनला आली तेव्हा दुकानात दूध मागतानाही ती अडखळायची. आता इथल्याच एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना, इतिहास शिकवत होती, आणि मुलं तिच्या तासाला मोबाइल खाली ठेवायची. म्हणून गावातल्या लायब्ररीने संध्याकाळच्या भाषणासाठी बोलावलं तेव्हा तिने विषयही स्वतःच निवडला: बंड करून उठलेल्या वसाहती साम्राज्य सहजासहजी का सोडत नाही?

भाषण रंगलं. तिने येमेनमधल्या एडनसारखी बंदरं सांगितली, व्यापार सांगितला, एक वसाहत सुटली की बाकीच्याही सुटतील ही धास्ती सांगितली. आणि शेवटी नाक. जगापुढे नाक कापलं जाऊ नये म्हणून राज्यकर्ते काय काय करतात, याचे किस्से ऐकून लोक हसले.

मग मागच्या रांगेतून एक म्हातारी गोरी बाई उठली. डोरीन तिचं नाव. आवाज बारीक, पण स्पष्ट.

"माझा भाऊ किथ एडनला सैन्यात होता. सदुसष्टच्या उन्हाळ्यात तो तिथे मारला गेला. एडन आपण सोडणार, हे सरकारने आदल्याच वर्षी जाहीर केलं होतं. सोडायचंच होतं, तर माझा भाऊ कशासाठी लढत होता?"

मंजिरीला विचारही करावा लागला नाही. "निघतानाही हाकलून दिलं असं दिसू नये म्हणून," ती म्हणाली. "आणि एक सांगू? तुमच्या भावाच्या पलटणीच्या गोळ्यांनी तिथल्या गल्ल्यांत जी माणसं मेली, त्यांच्या बहिणीही हाच प्रश्न विचारत असतील."

टाळ्या पडल्या. डोरीनने मान हलवली, कोट चढवला आणि चहा सुरू व्हायच्या आत ती निघून गेली.

घरी जाताना गाडी तिचा नवरा उदय चालवत होता. तो हॉस्पिटलात डॉक्टर. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "मंजू, पॉइंट तुझा बरोबर होता गं. पण पेशंटच्या नातेवाइकाशी मी असं बोललो असतो ना, तर माझ्यावर कम्प्लेंट आली असती."

"ती काय पेशंटची नातेवाईक होती?"

"मग कोण होती?" उदय म्हणाला आणि त्याने गाडी पुढे घेतली.

ते तिला लागलं. आपण काही खोटं बोललो नाही, असं तिने स्वतःला खूपदा बजावलं. तेवढ्याने भागेना. कोट घालताना त्या बाईचा हात बाहीत अडकला होता आणि शेजारच्या कुणीही तिला मदत केली नव्हती, तेच सारखं डोळ्यांपुढे यायचं. अखेर तिने लायब्ररीतर्फे डोरीनला भेटायचं असल्याचा निरोप पाठवला. थोड्या दिवसांनी डोरीनचा फोन आला. "गुरुवारी दुपारी या," एवढंच बोलली.

घर गावातल्याच शर्ली भागात, बसस्टॉपला लागून. डोरीनने चहा केला, पण समोर बसली ती ताठच.

"मी माफी मागायला आलेय," मंजिरी म्हणाली. "मी तुम्हाला उत्तर नाही दिलं, हॉलमधल्या लोकांना दिलं."

"हो, तसंच झालं," डोरीन म्हणाली. "आठवडाभर मी तुमच्यावर चिडून होते. त्या दुसऱ्या बहिणींचा विचार मी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता, त्याचाही राग आला. तो कुणावर काढायचा, कळेना."

मग तिने आपणहून सांगायला घेतलं. वडील गोदीत कामाला होते. पायरी सोडून वागणारा तो माणूस नव्हे, पण किथ गेल्यावर त्याच वर्षी खासदाराची सभा झाली तेव्हा ते भर सभेत उभे राहिले. "आता एडन सोडलंत तर माझा पोरगा फुकट गेला," असं ओरडले. "आणखी पलटणी पाठवा, पण सोडू नका!" लोक बाक वाजवू लागले.

"आमच्या शेजारची बाई तिथेच बसली होती," डोरीन म्हणाली. "तिचा मुलगा अजून एडनलाच होता. तिने फक्त मान खाली घातली. वडिलांना ती दिसलीच नाही. मला दिसली, पण मी काही वडिलांची बाही ओढली नाही."

"तो मुलगा...?"

"आला परत. पण ती बाई पुन्हा आमच्याशी कधी बोलली नाही." डोरीनने कप खाली ठेवला. "किथची कबर तिकडेच आहे. आईला शेवटपर्यंत जाता आलं नाही. आता जाता येतं का हो?"

"अवघड आहे. येमेनमध्ये लढाई चालू आहे."

"अजून?" डोरीन म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

निघताना मंजिरीने विचारलं, "हे माझ्या वर्गातल्या मुलांना सांगू का?" डोरीनला ते पटेना. वडील वाईट ठरतील म्हणाली, आणि ते वाईट नव्हते. मग दारात उभी राहून म्हणाली, "नाव न घेता सांगा."

मंजिरीने पुढच्याच आठवड्यात सांगितलं. तो बाप, ते बाक वाजवणं, ती मान खाली घातलेली बाई. वर्ग अगदी शांत झाला. मग आरव नावाचा हुशार मुलगा, वहीत दोन ओळींची जागा सोडून, पेन सरसावून म्हणाला, "मिस, हे आपण साम्राज्य वसाहत सोडत नाही त्या कारणांमध्ये घ्यायचं ना? आधी मेलेल्यांचं मरण वाया जाऊ नये म्हणून?"

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? सगळ्यांनी ते व्यापार आणि बंदरांच्या खाली लिहून घेतलं. परीक्षेला त्याचे मार्क नक्की मिळणार होते.

संध्याकाळी डोरीनचा फोन आला. "सांगितलंत? काय म्हणाली मुलं?"

मंजिरीला आरवचं सरसावलेलं पेन आठवलं. "फार शांत बसून ऐकलं त्यांनी," ती म्हणाली.

"बरं झालं," डोरीन म्हणाली. तिच्या आवाजात कित्येक वर्षांचं काहीतरी थोडं सुटल्यासारखं होतं, आणि मुलांनी ते कारणांच्या यादीत लिहून घेतलं, हे मंजिरीने तिला सांगितलं नाही.