डाव्या खिशातल्या चिठ्ठ्या

विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत प्रश्न तोंडी विचारायचा नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायचा, असा नियम. त्या चिठ्ठ्या गोळा करणारी ही कारकून बाई. एकोणीस वर्षं तेच काम, म्हणून सगळे तिला चिठ्ठीताईच म्हणायचे. रांगांमधून फिरायचं, चिठ्ठ्या घ्यायच्या, पडद्याआड उभं राहून चाळायच्या. ‘लोकशाहीचं भवितव्य काय?’ असली गुळगुळीत चिठ्ठी गठ्ठ्यात वर. ‘माझ्या पेन्शनचं काय झालं?’ असलं रडगाणं कोटाच्या डाव्या खिशात. वैयक्तिक प्रश्न घ्यायचे नाहीत, हेही तिनेच सुचवलेलं. पहिल्या वर्षी कुणी एक म्हातारी सभागृहात रडायला लागली आणि विभागप्रमुख सरांची त्रेधातिरपीट उडाली, तेव्हापासून. सर गठ्ठ्यातल्या वरच्या तीन वाचायचे, टाळ्या व्हायच्या, आणि जाताना ही बाई डावा खिसा कचऱ्याच्या डब्यात रिकामा करायची. कुणी विचारलंच तर उत्तर तयार, “पोचली हो तुमची चिठ्ठी. वेळ कमी पडला.”

आज मात्र तिला स्वतःचीच एक चिठ्ठी द्यायची होती. आजचे वक्ते होते खुद्द गृहमंत्री, आणि विषय काय, तर म्हणे ‘नागरिक आणि कायदा’. बावीस दिवसांपूर्वी तिच्या धाकट्या भावाला बस डेपोच्या दारातून साध्या वेशातल्या दोघांनी गाडीत कोंबून नेलं होतं. बसचालक होता, संपात पुढे होता, एवढाच त्याचा गुन्हा. आईच्या माघारी तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. बावीस दिवस तिने चौक्या पालथ्या घातल्या, साहेबांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच पाठ, “असा माणूस आमच्याकडे नाही.” वकील म्हणाले, “ताई, कुणा मोठ्या माणसाने चारचौघांत एकदा कबूल करू दे, की तो आमच्याकडे आहे. मग त्याला नाहीसं करणं जड जाईल. नाहीतर...” त्या ‘नाहीतर’ने तिची झोप उडवली होती.

सकाळी भावजयीने दारात तिचा हात घट्ट धरला होता. “वन्सं, चिठ्ठी पोचेल ना?”

“न पोचायला काय झालं? गठ्ठा माझ्याच हातात असतो की,” ती म्हणाली होती. आणि ते खरंच होतं.

भावाचं नाव, डेपो, तारीख. खाली दोनच प्रश्न. तो जिवंत आहे का? कुठे आहे? तिने चिठ्ठी घडी घालून मुठीत धरली आणि रांगांमधून फिरली. तिसऱ्या रांगेत छत्रीवाले काका बसले होते. पाऊस असो नसो, छत्री हातात. दोन वर्षं प्रत्येक व्याख्यानाला यायचे आणि एकच चिठ्ठी द्यायचे, त्यांची लेक मोर्चातून घरी आली नाही ती कुठे आहे, म्हणून. चिठ्ठीताईने आजही ती घेतली आणि सवयीने डाव्या खिशात टाकली. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही, बघा!

पडद्याआड तिने आपली चिठ्ठी सगळ्यात वर ठेवली आणि गठ्ठा सरांच्या हाती दिला. मंत्र्यांचं भाषण पाऊण तास चाललं. ‘कायद्यापुढे सारे सारखे’ म्हणाले, तेव्हा तिने दात-ओठ खाल्ले.

सरांनी पहिली चिठ्ठी उघडली. मनात वाचली. चेहरा पडला. एकदा पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ही जरा वैयक्तिक आहे.” चिठ्ठी पाण्याच्या ग्लासाखाली सरकवून त्यांनी दुसरी उचलली.

मग मात्र तिचा धीर सुटला. ती पडदा सारून थेट मंचावर आली. “साहेब, माझा भाऊ कुठे आहे?”

चारशे माना मंचाकडे वळल्या.

“ताई, अहो, काय हे?” सर कुजबुजले. “लिहून द्या ना.”

“लिहूनच दिलंय, सर! तुमच्या ग्लासाखाली आहे! एकदा वाचा हो, पाया पडते तुमच्या!”

मागे कुणीतरी हसलं. मंत्री मात्र अगदी मायेने हसले आणि त्यांनी सचिवाला मानेने खूण केली. तो लगबगीने आला, ग्लासाखालची ओली चिठ्ठी उचलली, वाचली. “काळजी करू नका, ताई. साहेबांपर्यंत पोचली असं समजा.” आणि त्याने ती आपल्या कोटाच्या खिशात घातली.

खिशात गेलेल्या चिठ्ठीचं पुढे काय होतं, हे चिठ्ठीताईला कुणी सांगायची गरज होती का? दोघांनी तिला दंडाला धरून खाली नेलं. मागे सरांचा आवाज आला, “पुढचा प्रश्न, तरुणांना आपण काय संदेश द्याल?” टाळ्या झाल्या.

सभागृह रिकामं झालं, तरी काका दाराशी थांबून होते. नेहमीसारखंच त्यांनी विचारलं, “ताई, माझी पोचली का आज?”

तिचा हात डाव्या खिशात गेला आणि त्यांची चिठ्ठी बाहेर आली. “नाही, काका. आज नाही. कधीच नाही. मीच टाकून देत होते.”

काका चिठ्ठीकडे बघत राहिले. “दोन वर्षं?”

तिने मान हलवली. त्यांनी हातातली छत्री उगारली असती, तरी तिने मार खाल्ला असता. पण त्यांनी ती उचललीही नाही. “दोन वर्षं मी घरी जाऊन बायकोला सांगतोय, पोचली म्हणून,” ते म्हणाले. “त्यावर ती दोन घास खाते हो.”

तेवढ्यात तिच्या कोटात फोन वाजला. भावजय होती.

“वन्सं, काय झालं? पोचली का चिठ्ठी?”

काका तिच्याकडे एकटक बघत होते. तिने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

“पोचली गं,” ती म्हणाली. “वेळ कमी पडला.”