नागीण नव्हती

आमच्या भरे गावात कुणाच्या अंगावर नागीण उठली की माणसं माझ्या दारात येतात. मी गेरूनं तिची दोन्ही टोकं अडवते. टोकं मिळाली की माणूस जातं म्हणतात. चाळीस वर्षं हेच चाललंय. आता कंबर धरते, सुई ओवता येत नाही, पण नको म्हणवत नाही.

गुरुवारी सकाळी नातीच्या, गौतमीच्या, मानेवर लाल पट्टा उठला. बारीक फोड, नुसती आग. मी वाटीत गेरू कालवला.

वरच्या खोलीतली भाडेकरीण अपूर्वा हिंजवडीला निघाली होती. ती जिन्यातच थांबली.

"आजी, ही नागीण वाटत नाही. आमच्या ऑफिसात दोघींना झालंय. किडा असतो, मुंगीसारखा लांबट, तांबडा-काळा. दिव्यावर येतो. अंगावर चिरडला की त्याच्या रसानं भाजतं. काल मारला का कुणी?"

"तुज्या कंप्युटरात नागीण बी दिसती व्हय गं?"

"आजी, मारला का?"

"न्हाई," म्हटलं.

मारला होता. आदल्या संध्याकाळी पोरगी ट्यूबखाली अभ्यासाला बसली होती, तेव्हा मीच तो तिच्या मानेवर बोटानं चिरडला. आणि त्याच बोटानं तिच्या डोळ्यांत काजळ घातलं. माझ्या बोटांना काही झालं नाही. चिखलात भात लावून लावून त्यांची कातडी चपलेसारखी झालीय.

दुपारी पोरीचे दोन्ही डोळे सुजून मिटले. "आज्जे, मला दिसत न्हाई," म्हणून रडायला लागली. सून शारदानं रिक्षा बोलावली, पिरंगुटला नेलं.

डॉक्टर म्हणाला, "डोळ्यांत काय गेलंय ते नीट सांगा, त्यावर औषध ठरेल."

"चोळलं असंल तिनंच," शारदा म्हणाली. मान खाली. काजळ मी घातलं हे तिला ठाऊक होतं; ती मला झाकत होती. आजवर मीच तिला चार माणसांत बोलत आले.

"तिनं न्हाई," मी म्हटलं. "किडा मी चिरडला. त्याच हातानं काजळ घातलं. सकाळी इचारलं तर खोटं बोलले."

डॉक्टरनं डोळे धुतले, थेंब घातले. नजर शाबूत आहे म्हणाला. किडा फुंकून उडवायचा, चिरडायचा नाही. अंगावर चिरडलाच तर लगेच साबणानं धुवायचं.

परतताना रिक्षात शारदा म्हणाली, "आत्याबाई, सकाळीच बोलला असता तर..." एरवी मी तिला पुढचं बोलूच दिलं नसतं. आज म्हटलं, "बोल की." तिनं पोरीच्या गालावरचं औषध पदरानं टिपलं.

मी मांडी सरळ केली, पोरीला जवळ ओढलं. ती चाचपडत आईच्या कुशीत सरकली. मी औषधाची पिशवी धरून बसले.