घरचंच माणूस

ताईने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खोपटीच्या फटीतून गोट्यांच्या किनाऱ्यावरचे कुरव पक्षी मोजायला सुरुवात केली. चाळिसाच्या पुढे कुठेतरी तिचे ओठ हलायचे थांबले.

शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने मान खाली घातली. तो या अभयारण्याचा रखवालदार. आत खाऱ्या पाण्याचं तळं, बाहेर समुद्र आणि मध्ये गोट्यांची लांबलचक पट्टी. गेल्या वर्षी भावजी, म्हणजे ताईचे यजमान, याच पट्टीवर पक्षी मोजायला गेले ते परत आलेच नाहीत. सापडली ती फक्त वही, दगडाखाली नीट ठेवलेली. त्यानंतर ताईने इकडे पाऊल टाकलं नव्हतं. आता मुलीकडे कायमची राहायला जाण्याआधी एकदा बघून येते म्हणाली, तेव्हा त्याला नाही म्हणवेना.

पट्टीच्या पार टोकाला तीन पक्षी उडाले. जरा अलीकडचे आणखी चार. पुढचे उठत होते, मागचे पुन्हा बसत होते, कुणी रमतगमत चालत यावं तसे. गोट्यांवर मात्र कुणी नव्हतं. कोल्हा नाही, कुत्रं नाही.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

थंडी सुरू झाल्यापासून, असं त्याने सांगितलं. रोज सकाळी, याच सुमाराला. पहिल्या दिवशी त्याची पाचावर धारण बसली होती. मग सवय झाली. घरचंच माणूस, त्याला काय भ्यायचं? ताईला सांगावं असं शंभरदा मनात आलं. पण ती आत्ता कुठे चार घास जेवायला लागली होती.

ताईने दुर्बीण मांडीवर ठेवली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती कपाळाला आठी घालून बाहेर बघत राहिली.

"हे नाहीत ते," ती म्हणाली.

"अगं ताई, याच वाटेनं तर—"

"तीस वर्षं ह्यांच्या मागून चालले मी. अंड्यांवरची टिटवीसुद्धा हलायची नाही ह्यांच्या पावलांनी. चुकून एखादा पक्षी उडालाच, तर दिवसभर तोंड पाडून बसायचे."

ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि तू काय केलंस, असं हळूच विचारलं. त्याने अडखळत सांगितलं. तो रोज फटीतून हाक मारायचा, भावजी, आत या, चहा ठेवलाय.

"मग?"

"आधी वळणावरूनच परत जायचे," तो म्हणाला. मग थांबून, अगदी बारीक आवाजात, "जायचं."

खोपटीसमोरचे कुरव एकदम उठले. ताईने फळी ओढून फट बंद केली आणि लहानपणी ठेवायची तसा त्याच्या तोंडावर हात ठेवला.