पाच मिनिटांची दुर्बीण

जुनी दुर्बीण आहे मी, मित्रांनो. चंद्र-तारे बघणारी नव्हे, तसला थाट माझ्या नशिबी कुठला! पेन्सिलीपेक्षा बारीक, फूटभर लांब अशी मी बाईच्या गर्भाशयात शिरते आणि आतलं सगळं पडद्यावर दाखवते. नाकं मुरडू नका. तुमच्याही घरात आई आहे, मावशी आहे.

कारखान्यात माझं एकेक भिंग पारखून बसवलं. मग मऊ पेटीत निजून मी या खासगी दवाखान्यात आले. "पाच मिनिटांत तपासणी, भूल नाही, लगेच घरी" अशी पाटी दारावर लागली. माझं फार कौतुक झालं. कितीतरी जणींचा जीव माझ्यामुळे भांड्यात पडला, हेही खरं.

मग एक दिवस शिवणबाई आल्या. शिवणाचे वर्ग चालवायच्या. पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली होती आणि आता पुन्हा रक्त दिसू लागलं होतं. "कॅन्सर आहे की नाही, काय ते आजच कळू दे," त्या सिस्टरला म्हणाल्या.

त्यांना पाय वर करून झोपवलं. मी आत गेले, पाठोपाठ पाणी सोडलं. त्याने आतली जागा फुलते, म्हणजे नीट दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जरासं चिमटल्यासारखं होईल हं." सगळ्यांचे डोळे पडद्यावर. शिवणबाईंच्या तोंडाकडे बघायला कुणीच नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या.

"झालंच. लांब श्वास घ्या."

"अहो, थांबा ना!"

"दोनच मिनिटं."

तिसऱ्यांदा त्या किंचाळल्या आणि उठूनच बसल्या. मला घाईने बाहेर ओढलं. उजवा कोपरा बघायचा राहिला, तपासायला तुकडा घ्यायचा तोही राहिला.

"तासभर आधी दुखण्याची गोळी घेतली होती ना?" सिस्टरला आत्ता आठवलं.

"कसली गोळी?"

सूचनांचा मेसेज फॉर्मवरच्या नंबरवर गेला होता, आणि नंबर होता नवऱ्याचा. तो बाहेर बाकावर बसला होता. "बायकांचं काहीतरी दिसलं, म्हणून मी पुढे वाचलंच नाही," तो चपलांकडे बघत म्हणाला. मेली ती लाज!

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, 'रुग्णाने सहकार्य केले नाही.' भूल देऊनही हीच तपासणी होते, हे सांगायला मात्र कुणाला वेळ झाला नाही. "मेले तरी इथे पाय ठेवणार नाही," असं म्हणत शिवणबाई गेल्या.

त्या खरंच आल्या नाहीत. आठ महिन्यांनी नवरा एकटा आला. मोठ्या हॉस्पिटलने जुना रिपोर्ट मागितला होता. आजार होता तो त्या उजव्या कोपऱ्यातच, आणि आता तो सगळीकडे पसरला होता. सिस्टरने विचारलं, "कशा आहेत त्या?" तो कागदाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "आता सगळे मेसेज वाचतो मी."

आज माझं भिंग धुरकट झालंय, मी कपाटात पडून असते. तरी कपाट आवरताना सिस्टर नवीन मुलीला बजावते, "दोन्ही हातांनी धर गं, नाजूक आहे ती." असा संताप येतो म्हणून सांगू! मित्रांनो, मला जपा असं मी मागत नाही. जन्मभर मला कुणी साधा धक्का लागू दिला नाही, आणि मला तर दुखतही नाही. ज्यांना दुखत होतं, त्यांनी तीनदा सांगितलं होतं.