बंधाऱ्यावरची व्हायोलिनं

सुनेत्रा उबाळे उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर बाहेरगावचे कॉल जोडायला बसायची. चौदा वर्षं कानाला हेडफोन लावून तिचे कान असे तयार झाले होते, की कॅम्प दोनमधला कापडवाला शेठ नुसतं 'हलो' म्हणाला तरी ती म्हणायची, "बोलो लछमनभाई, आज सूरत या अहमदाबाद?" एकदा त्याच्या धाकट्या भावाने त्याचा आवाज काढून कॉल लावायला सांगितला, तेव्हा तिने शांतपणे विचारलं होतं, "बडे भाई किधर गये?" आवाज ओळखण्यात आपण चुकत नाही, याचा तिला अभिमान होता. वडील भीमजयंतीच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे सुराचीही जाण होती.

अंबरनाथमध्ये चित्रपटप्रेमींचं एक मंडळ होतं. निवृत्त शिक्षिका सुहासिनीबाई ते चालवायच्या. दर दिवाळीला मंडळाचा सायक्लोस्टाइल केलेला अंक निघे. १९८८च्या अंकासाठी सुहासिनीबाईंनी सुनेत्राला संगीतकार विष्णुपंत खांडेपारकरांवर लिहायला सांगितलं. विष्णुपंत तेव्हा सत्तरीला आलेले. त्यांच्या गाण्यांवर सगळेच लिहीत. सुनेत्राने ठरवलं, गाणी सोडायची आणि गेल्या सहा वर्षांतल्या चार चित्रपटांचं नुसतं पार्श्वसंगीत घ्यायचं. त्या चारांना नंबर लावायचे.

व्हिडिओ लायब्ररीतून तिने कॅसेटी आणल्या. बेलवलीच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, नवरा भगवान अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला आणि तिची सुट्टी असली, की ती चित्रपट एकदा पाहून घ्यायची, मग पडद्याकडे पाठ करून बसायची आणि फक्त ऐकायची.

पहिला नंबर तिने 'माघारीण'ला दिला. नायिका माहेरच्या दारात उभी राहते तेव्हा एकच बासरी वाजते आणि मधेच थांबते, जणू वाजवणाऱ्यालाच पुढचं बोलवेना, असं तिने लिहिलं. दुसरा 'सातवा मैल', तिसरा 'कोरडं तळं'. चौथा, सगळ्यांत नवा, 'बंधारा'. त्याबद्दल तिने लिहिलं: "यात फक्त खालचे सूर आहेत. ढोल, चेलो, कसली तरी घरघर. वर काहीच नाही. घराच्या सगळ्या खिडक्या काढून नेल्यासारखं वाटतं. पहिले तीन चित्रपट एकाच हाताचे आहेत. हा हात वेगळा आहे. बंधारा विष्णुपंतांचा नाही. कोणीतरी त्यांचं नाव लावलं आहे."

शेवटची दोन वाक्यं मुंबईच्या एका साप्ताहिकाने उचलून छापली. सुहासिनीबाईंनी पेढे आणले. सुनेत्राने ते कात्रण पर्समध्ये ठेवलं.

जानेवारीत एका दुपारी बोर्डावर वांगणीच्या पोस्टातून कॉल आला.

"मला सुनेत्रा उबाळेंशी बोलायचंय."

आवाज अनोळखी होता. बाईचा, चाळिशीचा, फार कमी बोलणारीचा.

"बोलतेय."

"मी मालिनी खांडेपारकर. विष्णुपंत माझे वडील. येत्या रविवारी वांगणीला याल? त्यांना तुम्हाला भेटायचंय."

सुनेत्राचा हात कॉर्डवर तसाच राहिला. "माझ्या लेखाबद्दल?"

"हो. या. मी स्टेशनवर येते."

रविवारी मालिनी स्टेशनबाहेर उभी होती. साधी सुती साडी, हातात भाजीची पिशवी. घर गावाबाहेर शेतांच्या कडेला होतं. पायवाटेने वीस मिनिटं चालायचं होतं. अर्ध्या वाटेवर तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "तुमचे कान चांगले आहेत. पहिले तीन एका हाताचे, चौथा दुसऱ्या. एवढं बरोबर ओळखलंत."

"मग चुकलं काय?"

"हात कुणाचा कुठला, ते."

सुनेत्रा थांबली. मालिनीही थांबली, पण तिच्याकडे न बघता बांधावरच्या गवताकडे बघत बोलली. "बाबांचे कान ब्याऐंशीतच गेले. आधी वरचे सूर गेले, मग हळूहळू बरंचसं. कुणाला कळू दिलं नाही. 'माघारीण' मी केला. 'सातवा मैल' मी केला. 'कोरडं तळं'ही. नाव त्यांचं. मग 'बंधारा' आला तेव्हा म्हणाले, हा मी करणार. तू मधे येऊ नकोस. म्हणजे सहा वर्षांत त्यांचं स्वतःचं काम एकच. आणि तुम्ही लिहिलंत, ते त्यांचं नाही."

सुनेत्राने मागे स्टेशनच्या वाटेकडे पाहिलं. परत फिरावं असं तिला वाटलं, पण मालिनी चालू लागली होती.

घर अजून शंभर पावलांवर असतानाच तिला ते पायांत जाणवलं. ऐकू येण्याआधी जाणवलं. जमीन अगदी बारीक थरथरत होती. अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. घरकामाला येणारी ठमाबाई. ती सुपाशी थांबून म्हणाली, "दुपार झाली का सुरू व्हतं बघा. त्या पत्रापासनं रोज. मी नाय जात आत. घरात काय तरी घुमतंय."

"कात्रण कुणीतरी पोस्टाने पाठवलं होतं," मालिनी म्हणाली. "तेव्हापासून बाबा रोज 'बंधारा'च्या टेपचं तेच स्पूल लावतात."

आत दोन मोठे स्पीकर जमिनीवर ठेवले होते. खिडक्या बंद. फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. विष्णुपंत खाली बसले होते, उघड्या अंगाने, आणि एका स्पीकरला पाठ टेकली होती. 'बंधारा' पाठीने ऐकत होते.

मालिनीने टेप थांबवला. त्यांनी लगेच डोळे उघडले. मालिनीने एक पाटी आणि पेन्सिल सुनेत्राच्या हातात दिली.

"तुम्हीच का त्या?" त्यांचा आवाज खोलीच्या मानाने फार मोठा होता. "वयाने लहान आहात. मला वाटलं, कोणीतरी म्हातारी खवट बाई असेल."

सुनेत्राने पाटीवर लिहिलं, 'माफ करा.'

"माफीसाठी नाही बोलावलं. तुम्ही लिहिलंत, वर काहीच नाही. हिला विचारलं तर ही म्हणते, आहे. मुलगी आहे, ती खरं बोलणार नाही. तुम्ही माझ्या कोणी नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. मी वर व्हायोलिनं लिहिली आहेत. बारा व्हायोलिनं. ती बाई बंधाऱ्यावरून चालत जाते तिथं. ती वाजतात की नाही?"

मालिनी त्यांच्या मागे उभी होती. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. ती फक्त पांढरी पडली. तेवढ्यावरून सुनेत्राला कळलं, व्हायोलिनं नाहीतच, आणि मालिनीने ते त्यांना कळू दिलेलं नाही.

चौदा वर्षांत तिने लाइनवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. रिंग जात नसेल तर 'जात नाही' म्हणायची. तिने पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, 'आहेत. फार दुरून येतात. आमच्या कॅसेटवर नीट उमटली नाहीत.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाले, "सुरू कुठं होतात? टेप लावतो. सुरू झाली की हात वर करा."

मालिनीने टेप लावला. पुन्हा ती घरघर जमिनीतून वर आली. सुनेत्राने डोळे मिटले. आता कुठेतरी हात वर करायचा, एवढंच तिला करायचं होतं. चित्रपटातलं दृश्य आठवत ती बसली. बाई घरातून निघते, गोठा ओलांडते, पाण्याकडे येते. ढोल थांबले. चेलो एका सुरावर धरून राहिले. तिने अजून काही ठरवलं नव्हतं, तोच तिचा हात वर गेला.

डोळे उघडले तेव्हा विष्णुपंत तिच्याकडेच बघत होते. त्यांचा हातही वर होता. दोघांचे हात एकाच वेळी गेले होते.

"बरोबर," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तिथंच."

परत जाताना पायवाटेवर सुनेत्राने विचारलं, "व्हायोलिनं गेली कुठे?"

"मिक्सिंगच्या वेळी मी तो ट्रॅक बंद ठेवला." मालिनीचा आवाज स्थिर होता. "खालचं सगळं त्यांनी स्पीकरच्या पेटीला हात लावून, अंगाने जोखून बसवलं होतं. व्हायोलिनं मात्र नुसती डोक्यात ऐकून लिहिली. कान गेल्यावर डोक्यातला सूरही सरकतो, हे त्यांना कुठं माहीत? अर्ध्या सुराचा फरक पडला. बाराही वादक एकमेकांकडे बघत होते, आणि बाबा काचेपलीकडे डोळे मिटून बसलेले. लोक हसले असते. मी हसू दिलं नाही."

"तो ट्रॅक कुठाय?"

"पुसला. त्या टेपवर दुसऱ्याच कुणाचं काहीतरी भरलं."

"मग मी ऐकलं काय?"

मालिनीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही अंदाजाने हात वर केलात ना?"

"ठरवायच्या आधीच हात गेला," सुनेत्रा म्हणाली.

त्यानंतर ते सुरू झालं. आधी बोर्डावर. दोन कॉलच्या मधली लाइन रिकामी असते, तिच्यात नेहमी एक हलकी शीळ असते. त्या शिळेच्या मागे, फार दूर, तिला बारा व्हायोलिनं ऐकू यायची. ती कॉर्ड काढून दुसऱ्या भोकात लावायची, तिथेही. मग घरी, स्टोव्ह बंद केल्यावर. एकदा भगवानने विचारलं, "कोण बोलवतंय का तुला? सारखी मान वळवतेस." तिने डॉक्टरला कान दाखवले. कान उत्तम होते.

तिने मंडळाच्या पुढच्या अंकासाठी चार ओळी लिहून दिल्या. बंधारा विष्णुपंतांचाच आहे, माझी चूक झाली. बाकीचं सांगण्यासारखं नव्हतं, ते मालिनीचं गुपित होतं. सुहासिनीबाईंना ते आवडलं नाही. "कुणी दम दिला का तुला?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. त्यांना पटलं नाही. त्यानंतर सुनेत्राने मंडळात जाणं सोडलं.

आषाढात विष्णुपंत गेले. डिसेंबरात मालिनीचा पुन्हा फोन आला.

"त्यांच्या ट्रंकेत व्हायोलिनचे कागद सापडले. मला एकटीने ऐकायचं धाडस नाही. कुणी वाजवणारं माहितीय?"

सुनेत्राला अंबरनाथचे शंकर मास्तर माहीत होते. मुलांना व्हायोलिन शिकवायचे, लिहिलेलं वाचून वाजवायचे. त्यांना घेऊन ती वांगणीला गेली. त्याच खोलीत स्पीकर अजून जमिनीवर होते, पण खिडक्या उघड्या होत्या. मास्तरांनी कागद खुर्चीवर टेकवून ठेवले, तारा जुळवल्या. मालिनीने टेप लावला.

मास्तरांनी गज टेकवला तो बरोबर त्याच जागी, जिथे सुनेत्राचा हात वर गेला होता. चार सूर वाजले आणि ते थांबले. "ताई, हे जुळत नाहीये. मी तारा खाली घेऊ का?"

"नको," मालिनी म्हणाली. "लिहिलंय तसंच वाजवा. शेवटपर्यंत."

तिने टेप मागे घेऊन पुन्हा लावला. ते ऐकणं कठीण होतं. खालचे सूर आणि वरचे सूर एकमेकांच्या शेजारून जात होते. एकमेकांना लागत नव्हते आणि सोडतही नव्हते. सुनेत्राने दात आवळले. एवढं बेसूर आणि एवढं एकटं तिने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. मालिनी भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडावर धरून. मास्तर घामाघूम झाले, पण शेवटच्या सुरापर्यंत गेले. बाहेर ठमाबाईचं पाखडणं थांबलं होतं.

टेपचं टोक चाकावर फटफटत राहिलं. ते कुणी बंद केलं नाही.

मालिनी म्हणाली, "मी हे लोकांना ऐकू द्यायला हवं होतं?"

"माहीत नाही."

"तुम्ही नंबर लावता ना? आता याचा कितवा? खरं सांगा."

सुनेत्राला पाटी आठवली, आणि तिच्यावर लिहिलेलं खोटं. या वेळी ते तिच्याने झालं नसतं.

"चौथाच," ती म्हणाली. "पहिला 'माघारीण'च. तो तुमचा आहे."

मालिनीने डोळे पुसले. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते सुनेत्राला कळलं नाही. मालिनीने मास्तरांना चहा विचारला आणि ती आत गेली.

मालिनीने पुढे स्वतःच्या नावावर एकही चित्रपट केला नाही. दोन निर्मात्यांना भेटली, त्यांनी वडिलांच्या जुन्या चालींबद्दलच विचारलं. मग ती पुण्याला एका शाळेत संगीत शिकवायला गेली. वर्षातून एक पत्र यायचं. त्यात शाळेतल्या मुलींबद्दल असायचं, बाबांबद्दल नाही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एका रविवारी दूरदर्शनवर 'बंधारा' लागला. भगवान घरी होता. सुनेत्रा भाजी निवडत टीव्हीपुढे बसली. बाई गोठा ओलांडून पाण्याकडे निघाली तेव्हा ती उठली आणि तिने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर ती बाई मुक्याने चालत राहिली.

भगवान म्हणाला, "अगं, आवाज का घालवलास?"

"असू दे," ती म्हणाली. "मधे मधे येतो."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती दुरून काही ऐकत असल्यासारखी मान किंचित वळवून बसली होती, खिडकीकडेही नाही आणि दाराकडेही नाही.