एक डोळा झाकून

आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, असा आमच्या खोलीचा अलिखित नियम आहे. पण माझ्याबरोबर काम करणारी बाई रजेवर होती आणि धाकटीने नेमका तोच दिवस गाठला. योगायोग म्हणे! माझ्या बहिणीच्या आयुष्यात योगायोग घडत नाहीत, ती ते घडवून आणते.

धाकटी शहरात बस चालवते. गेल्या महिन्यात तिची बस भर रस्त्यात दुभाजकावर चढली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण कंडक्टरने सांगितलं की बाईंना हाक मारली तर त्यांनी ओ दिली नाही. धाकटीचं म्हणणं, डोळ्यात कचरा गेला. आगाराच्या डॉक्टरांचा त्या कचऱ्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी तिला माझ्याकडे, म्हणजे मेंदूचा आलेख काढतात तिथे पाठवलं. आलेखात दोष निघाला तर बस कायमची सुटणार होती. आणि बस सोड म्हणणाऱ्या एका चांगल्या माणसालाच तिने सोडलं होतं, म्हणजे बघा.

"ताई, लवकर आटप. दुपारची पाळी आहे माझी."

"आधी डोकं इकडे कर. आहे ना जागेवर?"

मी तिच्या डोक्याला तारा चिकटवल्या. लहानपणी वेणी घालताना चुळबुळायची तशीच चुळबुळत होती. मग खाटेवर आडवी केली आणि दिवा तिच्या चेहऱ्यापुढे ओढला.

हा दिवा लुकलुकतो, आधी सावकाश, मग भराभर. बहुतेकांना काही होत नाही, नुसता वैताग येतो. पण थोड्या लोकांचा मेंदू त्या लुकलुकीत असा सापडतो की पडद्यावरच्या रेघा टोकदार होऊन उसळायला लागतात. झाडांच्या रांगेतून येणारं तिरपं ऊनसुद्धा त्यांना तेच करतं. रेघा उसळल्या की दिवा त्या क्षणी बंद करायचा, नाहीतर मोठा झटका यायचा. म्हणून दिवा चालू असताना मी डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे बघते. समोरच्या माणसाकडे बघायचं मात्र राहून जातं.

दिवा सुरू झाला. रेघा शांत. वेग वाढवला, तरी शांत. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच मनात पाल चुकचुकली. ठणठणीत माणसाचा मेंदूही त्या उजेडाबरोबर थोडाफार ठेका धरतो. हिचा जेमतेम धरत होता. मी मान वळवून पाहिलं. बाईसाहेबांनी एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबून धरला होता.

मी दिवा बंद केला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"तूच. जेवताना म्हणाली होतीस ना, नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड जातो. एक डोळा हाताने झाकला की मेंदू सुटतो."

जेवताना मी फार बोलते.

"म्हणजे तुला काय होतं ते तुला ठाऊक आहे."

ती हळूच म्हणाली, "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे ना, ताई. आत्तापर्यंतच्या रेघा चांगल्या आल्यात. तेवढ्याच पाठव."

मला मोह झाला. सख्खी बहीण आहे, काय करू? तेवढ्यात नको तो प्रश्न सुचला.

"रस्त्यावर काय करतेस?"

"कालव्याच्या कडेला झाडं आहेत ना, तिथे ऊन चमकतं. तेवढ्यापुरता एक डोळा झाकते. एका हाताने सरळ चालते बस."

"भरलेली बस?"

"मागे कुणाला कळत नाही गं."

"मग त्या दिवशी बस दुभाजकावर का चढली?"

"एक म्हातारी आडवी आली. दोन्ही हात स्टिअरिंगला लागले." तिचा आवाज चढला. "पण मला सगळं कळत होतं! नुसतं चमकल्यासारखं होतं, बाकी काही नाही. मी शुद्धीवर असते, ताई. शपथेवर सांगते."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

"बरं," मी म्हटलं. "शुद्धीवर असतेस ना? दोन्ही हात खाली ठेव, डोळे मीट आणि तुझ्या मार्गावरचे थांबे म्हणत राहा."

"झोपेत म्हणेन!"

दिवा सुरू केला. बोट बंद करायच्या बटणावरच ठेवलं. मोठा झटका आला तर तो माझ्या हाताने आलेला असणार होता.

"आगार," धाकटी म्हणाली. "पाण्याची टाकी. न्यायालय. बाजार." मी वेग वाढवला. "पूल."

रेघा उसळल्या. मी दिवा बंद केला, तरी त्या उसळतच राहिल्या. धाकटीच्या पापण्या फडफडत होत्या आणि ओठाचा एक कोपरा ओढला जात होता. "धाकटे!" मी ओरडले. उत्तर नाही. ट्रेमधला कापसाचा बोळा उचलून मी तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली. तिला काहीच कळलं नाही. थांब, थांब, असं मी त्या रेघांना म्हणत होते.

हळूहळू रेघा खाली बसल्या.

"शाळा," धाकटी त्याच सुरात म्हणाली. "दवाखाना. कालवा. शेवटचा थांबा. बघ! एकही चुकला नाही."

"मध्ये थांबली होतीस."

"मुळीच नाही. एका दमात म्हटलेत. आता उगाच काहीतरी..."

उठून बसायला तिने हात टेकला आणि तिला आपली मूठ बंद दिसली. तिने ती उघडली. कापसाच्या बोळ्याकडे ती बघतच राहिली, मग माझ्याकडे.

"हा कधी दिलास?"

"पूल आणि शाळेच्या मधे. हाकही मारली होती."

माझे डोळे भरून आले होते. ती मात्र रडली नाही. तिने तो बोळा परत ट्रेमध्ये ठेवला.

"पुलावरून उतरलं की मुलं रस्ता ओलांडत असतात," ती म्हणाली. "आलंय ते सगळं पाठव, ताई."